खाणीपासून जहाजापर्यंत कोळसा: तालचेर–पारादीप साखळी कशी चालते आणि कुठे अडते

प्रश्न असा आहे: ‘ओडिशातल्या तालचेरच्या खाणींमधला कोळसा पारादीप बंदरातून जहाजानं तामिळनाडूत नेतात. सरळ रेल्वेनं का नेत नाहीत? खाण, रेल्वे, बंदर आणि जहाज मिळून एकसंध पुरवठा साखळी होते असं म्हणतात, ती प्रत्यक्षात कशी चालते? आणि हा मार्ग महाराष्ट्राच्या वीजकेंद्रांना उपयोगी पडेल का?’

माझी नोकरी आधी औष्णिक वीजनिर्मितीच्या इंधन विभागात आणि पुढे बंदरावर कोळसा हाताळण्याच्या कामात गेली. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

आधी रेल्वेचं. तालचेर परिसरात महानदी कोलफील्ड्सच्या, म्हणजे एमसीएलच्या, भुवनेश्वरी, लिंगराज, अनंता, भरतपूर, हिंगुला, कनिहा अशा मोठमोठ्या उघड्या खाणी आहेत. एमसीएलनं २०२३-२४ मध्ये २० कोटी टनांहून जास्त कोळसा काढला. त्यातला दक्षिणेकडचा सगळा कोळसा रेल्वेनं पाठवायचा म्हटलं तर तो हावडा–चेन्नई मुख्य मार्गावरून हजाराहून जास्त किलोमीटर न्यावा लागतो, आणि त्या रुळांवर प्रवासी गाड्या, पोलाद, धान्य, सिमेंट, खत यांची आधीच दाटी असते. पारादीप मात्र तालचेरपासून कटकमार्गे साधारण दोनशे किलोमीटरवर आहे. चेन्नईची एक फेरी करायला रेकला, म्हणजे अख्ख्या मालगाडीला, जितके दिवस लागतात तितक्यात पारादीपच्या अनेक फेऱ्या होतात. कोळशाच्या टंचाईच्या काळात खाणीत कोळसा पडून असतो आणि वीजकेंद्र उपाशी असतं, कारण मधला रिकामा रेक मिळत नाही. समुद्रमार्गाचा खरा फायदा भाड्यापेक्षा इथे आहे: तो रेक लवकर मोकळे करतो.

शिवाय तामिळनाडूची बरीच वीजकेंद्रं किनाऱ्यावरच आहेत. उत्तर चेन्नईच्या केंद्रासाठी म्हणून एन्नोर बंदर उभं राहिलं, ते २००१ मध्ये सुरू झालं. आज त्याला कामराजर बंदर म्हणतात. तुतीकोरिनचं केंद्र तर बंदराला लागूनच आहे. तामिळनाडू सरकारची पूम्पुहार शिपिंग कॉर्पोरेशन १९७४ पासून आहे आणि तिचं मुख्य काम हीच कोळशाची वाहतूक. मेट्टूरसारख्या आतल्या केंद्राचा कोळसा किनाऱ्यावर उतरवून पुन्हा रेल्वेत चढवतात, म्हणून या मार्गाला ‘रेल–समुद्र–रेल’ असं नाव पडलं. २०२३-२४ मध्ये पारादीपनं एकूण १४ कोटी ५० लाख टनांच्या आसपास माल हाताळला आणि देशातल्या प्रमुख बंदरांत पहिला क्रमांक मिळवला. त्यातला किनारी वाहतुकीचा औष्णिक कोळसाच ४ कोटी टनांच्या वर होता.

आता मुख्य प्रश्नाकडे. साखळी ‘एकसंध’ म्हणायची ती कशामुळे? बहुतेक सादरीकरणांत खाण, सायलो (खालून गाडी भरायची उंच कोठी), रेक, टिपलर (वॅगन पालथी करणारं यंत्र), पट्टा, शिपलोडर (जहाज भरणारं यंत्र), जहाज असं चित्र काढून बाण जोडलेले असतात. यंत्रं जोडलेली असतात हे खरं आहे. पण या साखळीत पाच वेगळे पक्ष असतात आणि प्रत्येकाचं यश मोजायचं माप वेगळं असतं. खाण किती टन बाहेर पाठवले ते मोजते. रेल्वे किती वॅगन भरल्या ते मोजते. बंदर धक्का किती वेळ भरलेला राहिला आणि वर्षाला किती टन हाताळले ते मोजतं. जहाजवाला दिवस मोजतो, कारण त्याचं भाडं दिवसावर असतं. वीजकंपनीला मात्र बॉयलरपाशी पोचलेल्या हजार किलोकॅलरीला किती पैसे पडले एवढ्याशीच मतलब असतो. महिनाअखेरीस पहिल्या चौघांची लक्ष्यं पूर्ण आणि पाचव्याच्या डेपोत दोन दिवसांचा साठा, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. त्यात कुणी कामचुकारपणा केलेला नसतो. ज्या पार्टीचं, म्हणजे कोळसा घेणाऱ्या वीजकंपनीचं, जहाज नाही तिचा कोळसा बंदरात येऊन पडलेला असतो आणि जिचं जहाज नांगरावर उभं असतं तिचे रेक अजून तालचेरच्या सायडिंगवर, म्हणजे खाणीजवळच्या माल भरायच्या रुळांवर, असतात, एवढंच झालेलं असतं.

माझ्या मते एकसंधपणाची कसोटी एकच आहे: जहाज कधी लागणार यावरून मागे मोजत खाणीतल्या लोडिंगची तारीख ठरते का? ठरत असेल तर साखळी आहे. नसेल तर फक्त शेजारी शेजारी चालणारे चार धंदे आहेत.

हे मागे मोजणं कसं असतं ते आकड्यांनी सांगतो. समजा ७२,००० टनांचं पॅनामॅक्स (पनामा कालव्याच्या मापाचं) जहाज ठरलं. ५८ बॉक्सएन वॅगनच्या एका रेकमध्ये साधारण ३,८०० ते ४,००० टन कोळसा येतो, म्हणजे एका जहाजाला अठरा-एकोणीस रेक. तुमच्या पार्टीच्या नावावर दिवसाला चार रेक मिळत असतील तर जहाजाएवढा कोळसा जमायला जवळजवळ पाच दिवस लागतात. त्यात प्रवासाचा आणि बंदरात गाडी रिकामी होण्याचा वेळ, एखाद्या दिवशी चाराऐवजी दोनच रेक भरले जातील याची तजवीज, हे सगळं धरलं की जहाज यायच्या सात-आठ दिवस आधी पहिला रेक भरायला लागायला हवा. आता दुसरी बाजू. ताशी ४,००० टनांचा शिपलोडर कागदावर ते जहाज अठरा तासांत भरतो. प्रत्यक्षात हॅच (खणाचं तोंड) बदलणं, ट्रिमिंग (जहाजाचा तोल जुळवणं), मधली तपासणी धरून एक ते दीड दिवस. पाच दिवसांत जमतं ते दीड दिवसात उचललं जातं. या दोन वेगांमधली तफावत सांभाळायची एकच जागा आहे, ती म्हणजे बंदरातला स्टॅकयार्ड, कोळशाचे ढीग रचायचं आवार. त्यावर पुढे सविस्तर येतो, कारण या धंद्यातली निम्मी हुशारी तिथे लागते.

खाणीच्या टोकाला गेल्या काही वर्षांत चांगला बदल झाला आहे. एमसीएलच्या खाणींत सरफेस मायनर मोठ्या प्रमाणात वापरतात. हे यंत्र सुरुंग न लावता कोळशाचा थर खरवडून काढतं आणि कोळसा तळहाताएवढ्या किंवा त्याहून लहान तुकड्यांतच बाहेर येतो. पूर्वी मोठे ढेकूळ आणि दगड वॅगनमधून थेट बंदरात यायचे आणि टिपलरच्या जाळीवर अडकून पडायचे. एक दगड घणानं फोडायला अर्धा तास गेला की अख्खी पाळी मागे पडायची. दुसरा बदल ‘फर्स्ट माइल कनेक्टिव्हिटी’चा. खाणीच्या तोंडापासून सायडिंगपर्यंत टिपर ट्रकांऐवजी पट्टा आणि शेवटी सायलो. पे-लोडरनं, म्हणजे पुढे मोठं फावडं असलेल्या गाडीनं, रेक भरायला कित्येक तास जातात. सायलोखालून रेक हळूहळू सरकत गेला तर तासा-दीड तासाच्या आसपास भरून निघतो, आणि प्रत्येक वॅगनमध्ये मोजून तेवढाच कोळसा पडतो. हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. पे-लोडरनं भरलेल्या रेकमध्ये एका वॅगनमध्ये जास्त, दुसऱ्यात कमी असा कोळसा असतो. जास्त भरला तर रेल्वेचा दंड, कमी भरला तर न नेलेल्या मालाचं भाडं, आणि दोन्हींचा भुर्दंड शेवटी वीजग्राहकावर. रस्त्यावरचे ट्रक कमी होतात, गावांतली धूळ आणि अपघात कमी होतात, हे तर आहेच. तालचेरच्या रस्त्याकडेची झाडं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

रेल्वेच्या भागाबद्दल एकच गोष्ट नीट समजून घ्या, बाकी तपशील आहे. रेकची फेरी. समजा तालचेर–पारादीप फेऱ्यांसाठी ३० रेक दिले आहेत. एक फेरी दोन दिवसांत पुरी होत असेल तर बंदराला रोज १५ रेक मिळतील. तीच फेरी तीन दिवसांची झाली तर रोज १०. रेक तेवढेच, इंजिनं तेवढीच, रूळ तेच, पण कोळसा एक तृतीयांश कमी. हा एक दिवस कुठे जातो ते शोधलं तर चालत्या गाडीत फारसा सापडत नाही. तो भरलेला रेक बंदराच्या यार्डात टिपलरची वाट पाहत उभा राहतो, रिकामा रेक इंजिनची वाट पाहतो, सायडिंगवर कोळसा तयार नसताना रेक आत घेतलेला असतो. हरिदासपूर–पारादीप हा नवा ८२ किलोमीटरचा मार्ग २०२० मध्ये सुरू झाला आणि कटकच्या बाजूचा ताण हलका होण्याची सोय झाली. ते हवंच होतं. पण रुळांची भर घालूनही फेरी कमी झाली नाही तर वाढीव रेक यार्डात उभे करायला आणखी जागा लागेल, एवढाच फरक पडेल.

बंदरात रेक आला की टिपलर. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रेकमधून वॅगन एकेक करून सुटी करतात. रुळाच्या कडेनं चालणारा लोखंडी हात, त्याला साइड आर्म चार्जर म्हणतात, वॅगनला ढकलून टिपलरच्या पाळण्यात आणतो. वरून चाप बसतात, बाजूची भिंत वॅगनला टेकते आणि सगळा पाळणा वॅगनसकट पालथा होतो. साठ-पासष्ट टन कोळसा एका दमात खालच्या हॉपरमध्ये कोसळतो, पाण्याचे फवारे सुटतात, पाळणा परत येतो, रिकामी वॅगन पलीकडे ढकलली जाते. एका वॅगनला तीन मिनिटं धरली तर तासाला वीस, म्हणजे एक रेक तीन तासांत. हे उन्हाळ्यात. जुलैमध्ये तोच कोळसा चिखलासारखा होऊन वॅगनच्या तळाला आणि कोपऱ्यांना चिकटतो. पाळणा पालथा होतो आणि चार-पाच टन वॅगनमध्येच राहतात. मग वॅगन पुन्हा पालथी करा, व्हायब्रेटर लावा, तरी राहिला तर माणसं सळया घेऊन उतरवा. पुढे हॉपरखालच्या च्यूटमध्ये, म्हणजे कोळसा पट्ट्यावर सोडणाऱ्या घसरणीत, तोच लगदा बसतो आणि पट्टा रिकामा धावतो. पावसाळ्यात पारादीपची क्षमता किती असं मला कुणी विचारलं तर मी शिपलोडरच्या पाटीवरचा आकडा सांगणार नाही. च्यूट दिवसातून किती वेळा तुंबतं ते विचारून मगच सांगेन.

ओल्या कोळशाचा दुसरा खर्च कुणी ताळेबंदात वेगळा दाखवत नाही. ७२,००० टनांच्या जहाजात ओलावा पाच टक्क्यांनी वाढला तर ३,६०० टन पाणी झालं. त्या पाण्याचं रेल्वेभाडं दिलं, बंदराचा हाताळणी खर्च दिला, जहाजाचं भाडं दिलं, आणि बॉयलरमध्ये ते पाणी उकळून घालवायला पुन्हा कोळसा जाळला. म्हणून सायडिंगवरच्या ढिगाला उतार देणं, पाण्याचा निचरा ठेवणं, पावसाआधी ढीग दाबून घेणं ही बारीकसारीक वाटणारी कामं मी नव्या मुलांना सगळ्यात आधी शिकवायचो.

आता स्टॅकयार्ड. यार्ड वापरायच्या दोन रीती आहेत आणि त्यांच्यातली निवड हा या साखळीतला सगळ्यात मोठा निर्णय आहे, असं माझं ठाम मत आहे.

पहिली रीत, प्रत्येक पार्टीला यार्डात कायमची जागा. तिचा कोळसा येईल तसा त्या जागेत पडतो, जहाज आलं की उचलतात. हे सगळ्यांना आवडतं. वीजकंपनीला बंदरात आपला साठा आहे याचं समाधान, खाणीला कधीही रेक पाठवायची मोकळीक, रेल्वेला जो रेक हाताशी असेल तो सोडायची सोय. पण या मोकळिकीमुळेच यार्ड भरून जातो. ज्याचं जहाज तीन आठवड्यांनी आहे त्याचा कोळसा जागा अडवून बसतो आणि ज्याचं जहाज उद्या आहे त्याचा रेक रिकामा करायला जागा नसते. मग टिपलर थांबतो, रेक थांबतो, फेरी लांबते, आणि वर सांगितलेला तो एक दिवस इथून जन्माला येतो.

दुसरी रीत, जागा पार्टीला न देता जहाजाला द्यायची. अमुक जहाज अमुक तारखेला, त्याच्यासाठी अमुक ग्रेडचा कोळसा, त्या आधीच्या सहा-सात दिवसांत त्याच जागेत जमवायचा, जहाज भरलं की जागा मोकळी, लगेच पुढच्या जहाजासाठी. तेवढ्याच यार्डातून वर्षाला कितीतरी जास्त कोळसा जातो. पण इथे शिस्त लागते. एका खाणीचे चार रेक चुकले तर जहाज अपुरं राहतं. म्हणून ही रीत बंदर एकट्यानं ठरवून चालत नाही. खाण आणि रेल्वे त्याच वेळापत्रकाला बांधलेली असावी लागतात.

यार्डाबद्दल आणखी दोन गोष्टी. एक, ग्रेड. २०१२ पासून आपल्याकडे औष्णिक कोळशाची ग्रेड उष्मांकावर ठरते, ३०० किलोकॅलरीच्या टप्प्यांनी. जी-१२ म्हणजे किलोला ३,७०० ते ४,००० किलोकॅलरी, जी-१४ म्हणजे ३,१०० ते ३,४००. तालचेरचा बराचसा कोळसा याच आसपासचा असतो. शेजारच्या दोन ढिगांचे पाय एकमेकांत मिसळले, किंवा घाईत जी-१४ चा रेक जी-१२ च्या ढिगावर टाकला, की तो फरक परत वेगळा काढता येत नाही. पैसे मात्र खाणीवरच्या नमुन्याप्रमाणे चुकते झालेले असतात. खाणीवर त्रयस्थ संस्था नमुना घेते, केंद्रावर पुन्हा नमुना घेतला जातो, आणि दोन्हींतल्या तफावतीवर वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालतो. त्यातला काही भाग बंदरातल्या ढिगांत सापडतो, असं माझं निरीक्षण आहे.

दुसरी, आग. तालचेरच्या कोळशात ओलावा आणि वायुरूप घटक बरेच असतात, त्यामुळे तो पडून राहिला की आतून तापतो. ढिगाच्या उताराच्या बाजूनं वारा शिरतो आणि तिथून आधी वाफ, मग वास, मग धूर. उपाय माहीत आहेत: थर दाबत ढीग रचणं, उंची मर्यादित ठेवणं, आधी आलेला आधी उचलणं, रोज तापमान घेणं. पैकी ‘आधी आलेला आधी’ हा नियम कागदावर सोपा आणि यार्डात अवघड आहे. ताजा कोळसा हाताशी असतो, जहाज उभं असतं, रिक्लेमर (ढिगातून कोळसा उचलणारं यंत्र) त्याच टोकाला असतो, आणि जुना कोळसा मागे राहत जातो. जागा जहाजाला दिली की हा प्रश्नही बराचसा सुटतो, कारण ढीग मुळात आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त जगतच नाही.

तापलेला कोळसा जहाजात घालता येत नाही. समुद्रातून सुटा माल नेण्याची आंतरराष्ट्रीय संहिता ५५ अंश सेल्सिअसच्या वरचा कोळसा चढवायला मनाई करते आणि पुढे प्रवासात बंद खणांमधला मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन मोजत राहायला सांगते. पारादीप ते एन्नोर हा साधारण दोन दिवसांचाच प्रवास, म्हणून काहीजण याकडे दुर्लक्ष करतात. करू नये. बंद खणात उतरलेला माणूस प्राणवायूअभावी कोसळायला दोन दिवस लागत नाहीत.

जहाज भरण्याबद्दल बाहेरच्यांना एक गोष्ट नवी वाटते. जहाज कसं भरायचं हे शिपलोडरच्या वेगावर नाही, जहाजाच्या पोटावर ठरतं. पॅनामॅक्सला बहुधा सात खण असतात. पहिला खण काठोकाठ भरून मग दुसऱ्याकडे गेलं तर जहाजाची पाठ वाकेल. म्हणून मुख्य अधिकारी क्रम लावून देतो, कुठल्या खणात आधी किती, मग कुठे, परत केव्हा. रिकामं जहाज बॅलास्ट म्हणून समुद्राचं पाणी भरून येतं; कोळसा चढेल तसं ते पाणी पंपानं बाहेर टाकावं लागतं. जहाज जुनं, पंप थकलेले, तर ताशी ४,००० टनांचा शिपलोडर तासन् तास थांबतो. स्वस्तात मिळालेलं जुनं जहाज धक्क्यावर महाग पडतं ते असं. शेवटचे दीड-दोन हजार टन राखून ठेवतात आणि पुढचा-मागचा बुडीव पाहून दोन खणांत वाटून घालतात.

मग ड्राफ्ट सर्व्हे. सर्वेक्षक होडीतून जहाजाभोवती फिरून नाळेजवळ, मध्यभागी आणि मागच्या टोकाजवळ दोन्ही बाजूंनी, असे सहा आकडे वाचतो. गोदीतल्या पाण्याची घनता मोजतो. बॅलास्टच्या टाक्यांत दोरी सोडून पाणी मोजतो. आणि भरण्याआधीच्या आणि नंतरच्या फरकातून माल किती चढला ते काढतो. लाटा असतील तर आकडा वरखाली नाचतो आणि अनुभवानं मध्य धरावा लागतो. खाणीचा काटा, रेल्वेचा धावता काटा, पट्ट्यावरचा काटा आणि ड्राफ्ट सर्व्हे, असे चार आकडे एकाच मालाचे असतात आणि ते जुळत नाहीत. अर्धा टक्का इकडेतिकडे हा मोजणीचाच भाग आहे. वीज नियामक आयोग खाणीपासून दूरच्या केंद्रांना वाटेतली घट ०.८ टक्का धरून देतो. त्याच्यावरची घट कंपनीच्या खिशातून. म्हणून करारातच लिहून ठेवावं, कुठला आकडा कुठल्या व्यवहाराला लागू. हे आधी लिहिलं नसेल तर प्रत्येक जहाजागणिक भांडण ठरलेलं.

जहाज ठरल्या तारखांच्या आत आलं, तयारीची नोटीस दिली, की घड्याळ सुरू होतं. ठरल्या वेळेत भरलं नाही तर डेमरेज, म्हणजे जहाज अडकवल्याचा दंड, दिवसाला लाखांत. पण माझा आक्षेप डेमरेजच्या रकमेला नाही, ते भरणाऱ्याला आहे. उशीर खाणीमुळे, रेल्वेमुळे, बंदरामुळे कुणामुळेही होवो, बिल वीजकंपनीला जातं, कारण जहाज तिनं घेतलेलं असतं. ज्याच्यामुळे उशीर होतो त्याला त्याची झळ बसत नसेल तर उशीर कमी कसा होणार?

याच प्रश्नाचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलनं शोधलं आहे, आणि म्हणून मी त्याचा दाखला नेहमी देतो. हंटर खोऱ्यातल्या अनेक कंपन्यांच्या खाणी, एक सामाईक रेल्वेमार्ग, एकाहून जास्त गाडीचालक कंपन्या आणि बंदरातली टर्मिनलं. २००७ च्या जूनमध्ये तिथे पन्नासहून जास्त जहाजं कोळशासाठी समुद्रात रांगेत उभी होती. ८ जूनच्या वादळात त्यातलंच एक रिकामं जहाज, पाशा बल्कर, नॉबीज किनाऱ्यावर येऊन रुतलं आणि जुलै उजाडल्यावरच निघालं. रुतण्याचं कारण वादळ आणि वेळेत बाहेर न पडणं. पण एवढी जहाजं तिथे उभी होती, कारण प्रत्येकजण नंबर लावायला जहाज आधी पाठवत होता आणि साखळी नेऊ शकते त्याहून जास्त मागणी नोंदवली जात होती.

त्यांनी नवी यंत्रं आणली, २०१० मध्ये नवं टर्मिनलही सुरू केलं. पण आधी दोन गोष्टी केल्या. २००९ मध्ये खाणी, रेल्वे आणि टर्मिनलं मिळून एक समन्वय संस्था औपचारिकपणे उभी केली. तिच्या मालकीचं एकही इंजिन नाही, एकही पट्टा नाही. ती फक्त सगळ्या साखळीचं एक वेळापत्रक बनवते आणि साखळीची एकत्रित क्षमता किती ते ठरवते. ही क्षमता कुठल्याही एका कडीच्या क्षमतेपेक्षा कमीच निघते. खाण शंभरातले ९५ दिवस चालते, रेल्वे ९०, बंदर ९०. मधे साठाच नसेल आणि तिघं वेगवेगळ्या दिवशी बंद पडत असतील, तर तिघं एकाच वेळी चालू असण्याचे दिवस ७५ च उरतात. दुरुस्तीचे दिवस एकत्र जुळवून घेतले, रूळ आणि टिपलर एकाच दिवशी बंद ठेवले, तर एक पैसाही न गुंतवता क्षमता वाढते. दुसरी गोष्ट करारांची. दीर्घ मुदतीचे करार असे केले की क्षमता मागितली तर वापरा अगर न वापरा, पैसे द्यावेच लागतात. आणि बंदराची व रेल्वेची क्षमता एकमेकांशी मिळतीजुळती घ्यावी लागते. खोटी मागणी नोंदवणं महाग झालं. तिथलं कोरागँग टर्मिनल मोठ्या प्रमाणात जहाजाप्रमाणे कोळसा जमवण्याच्या रीतीनं चालतं ते याच जोरावर.

आपल्याकडे कोळसा मंत्रालयानं २०२४ मध्ये कोळशाच्या वाहतुकीची एकात्मिक योजना जाहीर केली, सायलो वाढत आहेत, पारादीपची क्षमता वाढते आहे. हे सगळं चांगलं आहे. पण मला विचाराल तर तालचेर–पारादीपला सगळ्यात तातडीची गरज आहे ती सगळ्यांना बांधील अशा एका नियोजन कक्षाची. खाण, रेल्वे, बंदर आणि वीजकंपन्यांची माणसं एका खोलीत, पुढच्या चौदा दिवसांची जहाजवार यादी समोर, आणि त्या यादीत नसलेला रेक भरायचा नाही एवढा अधिकार.

या कक्षाचा उपयोग संकटात आणखी कळतो. पारादीपला वादळं नवी नाहीत. १९९९ चं महावादळ, २०१९ चं फनी. इशारा आला की जहाजं खोल समुद्रात पाठवतात, शिपलोडर आणि स्टॅकर (ढीग रचणारं यंत्र) पिना घालून जमिनीला जखडतात, पट्टे रिकामे करतात. ते काम तिथली माणसं उत्तम करतात, ते मी जवळून पाहिलं आहे. अवघड असतं ते नंतरचं. चार दिवस बंदर बंद, खाणीत कोळसा साचलेला, बाहेर जहाजांची रांग, आणि प्रत्येकजण आपलं आधी म्हणतो. आलेल्या क्रमानं घ्यायचं की ज्या केंद्रात साठा संपत आलाय त्याचं आधी? हा निर्णय आधी लिहून ठेवलेला असेल तर घडी लवकर बसते. नसेल तर फोन ज्याचा मोठा त्याचं जहाज आधी लागतं.

शेवटी महाराष्ट्र. नकाशावर समुद्रमार्ग सोपा दिसतो, पण पारादीपहून निघालेलं भरलेलं पॅनामॅक्स पाल्कच्या सामुद्रधुनीतून जाऊ शकत नाही, तिथे पाणी उथळ आहे. त्याला श्रीलंकेला वळसा घालूनच पश्चिम किनाऱ्यावर यावं लागतं. चेन्नईला दोन दिवस लागतात तिथे इकडे कितीतरी जास्त. आणि आपली बहुतेक मोठी केंद्रं किनाऱ्यापासून लांब आहेत. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा तर वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींच्या अंगणात आहेत. त्यांच्यासाठी हा विचारच नको. भुसावळ, नाशिक, परळीसाठी कोळसा पश्चिमेच्या बंदरात उतरवून परत घाट चढवायचा, म्हणजे तीन हाताळण्या, तीन ठिकाणची घट आणि तीन ठिकाणचं भाडं. केंद्र सरकारनं पंजाबला ओडिशाचा काही कोळसा पारादीप–मुंद्रा असा समुद्रमार्गे न्यायला सांगितलं तेव्हा पंजाबनं खर्चाच्या मुद्द्यावर विरोध केला आणि २०२३ मध्ये ती अट मागे घेतली गेली. तो विरोध मला रास्त वाटला. किनाऱ्यावरच्या केंद्रांना, ज्यांच्या धक्क्यावर आधीच परदेशी कोळसा उतरतो, त्यांना देशी कोळसा मिसळण्यासाठी हा मार्ग जमू शकतो. पण जास्त राखेचा कोळसा त्यांच्या बॉयलरला किती टक्के चालतो हे आधी तपासावं. आणि धूळ. वास्कोच्या लोकांनी मुरगावच्या कोळशाबद्दल इतकी वर्षं जे सोसलं आहे ते कोकणातल्या दुसऱ्या गावावर येणार असेल, तर झाकलेले पट्टे आणि बंदिस्त साठा यांचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. तो धरून टनाचा नव्हे, हजार किलोकॅलरीचा दर काढा आणि विदर्भातून रेल्वेनं आलेल्या कोळशाच्या दराशेजारी ठेवा. माझ्या अंदाजानं टंचाईचे महिने सोडले तर तो टिकणार नाही.